निरोप पोहोचवणारी मुलगी: घटस्फोटाच्या काळातल्या दोन भावंडांचं प्रकरण

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली तक्रार धाकट्याबद्दल होती. वय साडेपाच वर्षं. कधीच सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं होतं, शाळेत तो दोन मुलांना चावला होता, आणि आई घरातल्या घरात दुसऱ्या खोलीत गेली तरी मागोमाग जाऊन दाराशी उभा राहत होता. आई-बाबा वेगळे राहू लागून चार महिने झाले होते. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केलेला होता. पहिल्या भेटीला दोघं एकत्र आले, वेळेवर आले, एकमेकांचं बोलणं न तोडता बोलले. मोठ्या मुलीचं काय, असं मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "तिचं काही नाही हो. फार समजूतदार आहे ती. तिच्यामुळेच तर निभावलं आमचं." बाबांनीही मान डोलावली.

मोठी अकरा वर्षांची. हे प्रकरण मुख्यतः तिचं आहे.

कुणाची ओळख पटू नये म्हणून इथे अशा अनेक घरांतले तपशील एकत्र केले आहेत आणि कुणालाही नाव दिलेलं नाही. आई, बाबा, मोठी आणि धाकटा, एवढंच.

पार्श्वभूमी

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. मारहाण नाही, व्यसन नाही, मुलांना कुणाचा धाक नाही. हे आधीच नोंदवते, कारण जिथे हिंसा किंवा छळ आहे तिथे पुढे लिहिलेलं बरंचसं लागू पडत नाही. तिथे दोघांशी नातं टिकवण्याचा विचार नंतर. आधी मुलाला सुरक्षित करावं लागतं.

या दोघांना एका गोष्टीचा अभिमान होता. "मुलांसमोर आम्ही कधी आवाज चढवला नाही." ते खरंही होतं. भांडणं झालीच नव्हती, कारण बोलणंच बंद पडत गेलं होतं. शेवटची दोन-तीन वर्षं घरात सगळं वेळच्या वेळी होत होतं, सुट्टीत सगळे मिळून बाहेर जात होते. मग एका शनिवारी बाबांनी बॅगा भरल्या.

मोठ्यांना ही शांतता मुलांवरचे उपकार वाटतात. मुलांचा हिशेब वेगळा असतो. अमाटो, लूमिस आणि बूथ या अमेरिकन संशोधकांनी १९९५ मध्ये एक दीर्घकालीन अभ्यास प्रसिद्ध केला. आई-वडिलांमध्ये तीव्र भांडणं असलेल्या घरांत, घटस्फोट झाला तर मुलं पुढे तरुणपणी तुलनेने बरी असल्याचं त्यांना दिसलं. वरवर शांत घरांत उलट होतं. तिथे घटस्फोटाचा फटका मुलांना जास्त बसला. घरात रोज आदळआपट असेल तर वेगळं होण्याचं कारण मुलाला दिसलेलं असतं, थोडी सुटकाही वाटते. या दोन मुलांना काहीच दिसलं नव्हतं. आणि कारण दिलं नाही की मूल ते स्वतः तयार करतं.

मुलांना काय सांगितलं होतं

वेगवेगळं सांगितलं होतं. बाबांनी धाकट्याला सांगितलं, "कामासाठी मला थोडे दिवस दुसऱ्या घरी राहावं लागणार आहे." आईने मोठीला त्याच रात्री शेजारी झोपवून खरं ते सांगितलं, सांगताना रडली, आणि शेवटी म्हणाली, "धाकट्याला एवढ्यात काही बोलू नकोस हं." हेतू चांगलाच होता. पण त्या एका वाक्याने अकरा वर्षांची मुलगी घरातल्या खोट्याची राखणदार झाली. धाकटा विचारायचा, "बाबांचं काम कधी संपणार?" आणि उत्तर तिला द्यावं लागायचं. "संपेल लवकर," असं ती सांगायची. चार महिने.

धाकट्याने आपलं कारण शोधलं होतं. बाबा जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्याच्या हातून त्यांच्या लॅपटॉपवर पाणी सांडलं होतं आणि ते त्याच्यावर ओरडले होते. लॅपटॉप बिघडला, म्हणजे बाबांचं काम अडलं, म्हणजे बाबांना दुसरीकडे जाऊन काम करावं लागलं. साडेपाच वर्षांच्या डोक्याने मांडलेली ही साखळी तशी निर्दोष आहे. दोन ते सात वर्षांच्या टप्प्याबद्दल मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी लिहिलं ते हेच: मूल स्वतःला घटनांच्या मध्यभागी धरून विचार करतं आणि आगेमागे घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारण जोडून टाकतं. "तुझी काही चूक नाही," असं मोघम सांगून ही साखळी तुटत नाही. लॅपटॉपचं नाव घ्यावं लागतं. नाव घेण्यासाठी आधी ते कळावं लागतं, आणि तो ते कुणाला सांगत नव्हता.

खेळात मात्र ते आलं, त्याबरोबर आणखीही एक गोष्ट आली. त्याने ठोकळ्यांची दोन घरं केली, मध्ये बरंच अंतर ठेवलं आणि एक छोटी गाडी या घरातून त्या घरात नेत राहिला. गाडीत काय आहे? "निरोप." चालवतंय कोण? "ताई." मुलाच्या खेळातून इतकं सरळ उत्तर क्वचित मिळतं, एरवी तासभर डायनोसॉर एकमेकांना खात असतात आणि आपण अर्थ लावत बसतो.

मोठी

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने मला विचारलं, "त्याला बरं करायला किती वेळ लागेल?" स्वतःबद्दल विचारलं की उत्तरं आखूड. ठीक आहे. काही नाही. शाळा छान चालू आहे. वर्गशिक्षिकेचंही मत तेच: अभ्यास वेळेवर, मार्क चांगले, वर्गात मदत करते. मैत्रिणींकडे जाणं बंद झालं होतं, याची नोंद कुणीच घेतली नव्हती. दर शुक्रवारी पोटात दुखायचं. मुलं बाबांकडे जायची तो दिवस शुक्रवार. आईने त्याचा अर्थ "तिला तिकडे जावंसं वाटत नाही" असा लावला होता. रविवारी संध्याकाळी परत येण्याआधीही पोट दुखायचं. ते बाबांना माहीत होतं, आईला नव्हतं.

विश्वास बसायला वेळ लागला. मग तिने शाळेच्या एका वहीची मागची पानं दाखवली. दोन रकाने. डावीकडे आईने सांगितलेले निरोप, उजवीकडे बाबांनी सांगितलेले. आणि प्रत्येकासमोर तिने प्रत्यक्षात काय सांगितलं ते. आई म्हणाली होती, "त्याला म्हणावं, एकदा तरी दिलेली वेळ पाळ." पोहोचवलेला निरोप: "आई म्हणाली, सहाला आलास तर बरं." बाबा म्हणाले होते, "सहलीचे पैसे मी का भरू, मला विचारलं होतं का?" पोहोचवलेला निरोप: "बाबा विचारत होते सहलीबद्दल, अर्धे अर्धे भरूया का?" अर्ध्याची कल्पना तिची. बाबांनी पुढच्या आठवड्यात अर्धे दिले, कारण तिने त्यांना सांगितलं की आईने तसं सुचवलं आहे.

पहिल्या भेटीत दोघांनीही स्वतंत्रपणे मला म्हटलं होतं की समोरचा माणूस आता जरा नीट वागायला लागला आहे. ते नीट वागणं या वहीत तयार होत होतं.

रात्री ती उठून भावाचं अंथरूण तपासायची. ओलं असेल तर चादर बदलून, त्याचे कपडे बदलून, ओली चादर मशीनमध्ये टाकून परत झोपायची. म्हणजे आई सांगत होती त्यापेक्षा ते बरंच जास्त वेळा होत होतं. "आईला सकाळी लवकर उठायचं असतं ना," हे तिचं स्पष्टीकरण.

शिवाय परत आल्यावरची चौकशी. तिकडे कोण आलं होतं? बाबा काय म्हणाले? नवीन काय घेतलं? आईने हे खोचून विचारलं असं मी म्हणणार नाही. रिकाम्या घरात दोन दिवस काढलेल्या माणसाचे ते प्रश्न होते. पण मुलीने ठरवून टाकलं होतं की बाबांकडे मजा आली तर इकडे ते सांगायचं नाही, आणि इकडे आई हसली तर ते तिकडे सांगायचं नाही. "सांगितलं तर वाईट वाटतं त्यांना."

प्रकरणाकडे मी कसं पाहिलं

वयाने लहान आणि लक्षणं उघड, म्हणून धाकट्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. मला त्याची काळजी कमी वाटत होती. तो जे व्हायला हवं ते करत होता: घाबरला होता आणि घाबरल्याचं दाखवत होता. मोठीने दाखवणं बंद केलं होतं.

ब्यूकॅनन, मॅकोबी आणि डॉर्नबुश या संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घटस्फोटित पालकांच्या पाचशेहून अधिक किशोरवयीन मुलामुलींना विचारलं होतं, आई-वडिलांच्या मध्ये अडकल्यासारखं वाटतं का? पालकांमधलं वैर जितकं जास्त आणि सहकार्य जितकं कमी, तितकी ही भावना तीव्र होती; ज्यांना ती तीव्र वाटत होती त्यांच्यात उदासी आणि चिंता जास्त होती. निरोप्याचं काम सांगणं, दुसऱ्या घरची माहिती काढणं, समोर नसलेल्या पालकाचा विषय काढायला मुलाला नको वाटणं, हे सगळं त्या मध्ये अडकण्यातच मोडतं. आवाज चढवायची गरज नाही. या घरात तो कधी चढलाच नव्हता.

मुलाने घरात मदत करणं वाईट नाही. घटस्फोटानंतर जबाबदारी घेतलेली काही मुलं पुढे खंबीर निघतात, हेही खरं आहे. फरक इथे आहे की ती दप्तर भरत नव्हती, भांडी लावत नव्हती. दोन मोठ्या माणसांच्या मनाचा तोल सांभाळत होती. त्या बदल्यात तिच्या मनाकडे कुणी पाहत नव्हतं, कारण ते ठीक आहे असं सर्वांनी मान्य केलं होतं. म्हणून तिला धीर द्यायचा, बोलतं करायचं, एवढ्यावर मी थांबणार नव्हते. तिच्याकडून काम काढून घ्यायचं होतं. ते काढून घेणं तिच्या हातात नव्हतं, आई-बाबांच्या हातात होतं.

त्यामुळे सुरुवातीचा बराचसा वेळ मी पालकांबरोबर घालवला. बाबांना हे पटायला जड गेलं. "प्रॉब्लेम मुलाला आहे आणि भेटी आमच्या?" मी त्यांना अमेरिकेतल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांची २४० घटस्फोटित कुटुंबं तिच्यात होती. काहींत आईसाठी गट चालवले, काहींत आई आणि मूल दोघांसाठी, आणि उरलेल्यांना या विषयावरची पुस्तकं वाचायला दिली. आईच्या गटात भर होता मुलाशी नातं घट्ट करण्यावर, शिस्तीत सातत्य ठेवण्यावर आणि आपसातल्या भांडणाची झळ मुलाला लागू न देण्यावर. सहा वर्षांनी पाहिलं तेव्हा आई आणि मूल दोघांसाठी गट मिळालेल्या कुटुंबांत ११ टक्के मुलांमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार होता. फक्त पुस्तकं मिळालेल्यांत २३.५ टक्के. ही आकडेवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाबा आकड्यांचा माणूस. पुढच्या भेटीला आले.

आईचा प्रश्न वेगळा होता: मुलं कायमची बिघडतील का? इथे उत्तर गोड करून सांगायचं नसतं आणि घाबरवायचंही नसतं. मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी अशी कुटुंबं अनेक दशकं पाहिली. त्यांच्या मते घटस्फोटित घरांतल्या साधारण २० ते २५ टक्के मुलांमध्ये गंभीर भावनिक किंवा वर्तनाचे प्रश्न दिसतात, एकत्र घरांत ते सुमारे १० टक्के. म्हणजे धोका दुप्पट ते अडीचपट, आणि तरीही चारातली तीन मुलं ठीक राहतात. आपलं मूल कुठल्या गटात जाईल हे टक्केवारी सांगत नाही. ते बऱ्याच अंशी पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठी माणसं कशी वागतात त्यावर ठरतं, असं मी आईला सांगितलं.

वहीचं काय करायचं

वही तिने मला विश्वासाने दाखवली होती. पालकांना ती दाखवली असती तर काम एका दिवसात झालं असतं आणि मुलगी पुन्हा माझ्याकडे काही बोलली नसती. मी तिलाच विचारलं, यातलं काय सांगू? ती म्हणाली, "काहीच नको. ते भांडतील." बऱ्याच बोलण्यानंतर ठरलं ते असं: वही तिच्याकडेच राहील, तिने काय बदललं ते मी सांगणार नाही, पण तिच्यामार्फत निरोप जातात, हा विषय मी काढेन.

दोघांना एकत्र बोलावून मी एकेक कागद दिला. मुलीमार्फत पाठवलेले शेवटचे काही निरोप, शब्द आठवतील तसेच लिहा, आणि समोरून आलेले निरोपही लिहा. मग कागदांची अदलाबदल केली. आई वाचता वाचता थांबली. "हे मी म्हटलंच नव्हतं." बाबा म्हणाले, "आणि हे मी." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, त्यांना समजलं होतं. तिच्यावर याबद्दल रागवायचं नाही, तिचं कौतुकही करायचं नाही, एवढंच मी सांगितलं. कौतुक केलं असतं तर ते काम तिला कायमचं चिकटलं असतं.

निरोपांसाठी दोघांनी आपसात मेसेज सुरू केले. विषय फक्त मुलांचा. एका मेसेजमध्ये एकच मुद्दा, टोमणा नाही, उत्तर एका दिवसात. तारखांसाठी फोनवर सामायिक कॅलेंडर. पहिले काही आठवडे मेसेज असे होते की वाचून थंडी वाजावी, पण ते थेट जात होते. मुलीने सवयीने विचारलं, "बाबांना सांगू का?" तर उत्तर ठरलेलं: "नको, मी विचारते."

पुन्हा सांगणं

दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असल्याने दोघांनी मिळून, दोन्ही मुलांना एकत्र बसवून, पुन्हा सांगणं भाग होतं. त्यांनी एक मसुदा लिहून आणला. त्यातली तीन वाक्यं मी काढायला लावली.

"आम्ही आता चांगले मित्र आहोत." खरं नव्हतं, आणि मुलांना ते माहीत होतं.

"काहीही बदलणार नाही." बदललं होतं. एका मुलाची दोन घरं झाली होती. हे वाक्य ऐकलेलं मूल पुढचं काहीच खरं मानत नाही.

"आमचं एकमेकांवरचं प्रेम संपलं." हे खरं असलं तरी साडेपाच वर्षांच्या मुलाला सांगायचं नाही. त्याला त्यातून एवढंच कळतं की आई-बाबांचं प्रेम संपू शकतं. मग आपल्यावरचं कधी संपणार, हा पुढचा प्रश्न. तो आईच्या मागोमाग दाराशी का उभा राहत होता, याचं एक उत्तर इथे आहे.

राहिलं ते साधं होतं. आम्ही एकत्र राहून सुखी नव्हतो. बराच प्रयत्न केला, जमलं नाही. हे आम्ही मोठ्यांनी ठरवलंय. तुम्ही काही केल्यामुळे नाही, आणि तुम्ही काही केलंत म्हणून ते बदलणारही नाही. आई-बाबा म्हणून आम्ही दोघं आहोतच. तिकडे गेल्यावर इकडची आठवण आली तर सांगा, इकडे आल्यावर तिकडची आली तरी सांगा. "तुम्ही काही केलंत म्हणून ते बदलणारही नाही" या तुकड्याला बाबांचा विरोध होता, फार कठोर वाटतं म्हणून. माझ्या मते सगळ्यात जास्त सुटका त्याच तुकड्यात आहे. शहाणं वागलं तर आई-बाबा परत एकत्र येतील, असा करार मुलं मनातल्या मनात करून बसलेली असतात.

लॅपटॉपचं बाबांनी स्वतः काढलं. "पाणी सांडलं त्याचा आणि माझ्या वेगळं राहण्याचा काही संबंध नाही. लॅपटॉप दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला होता." धाकट्याने विचारलं, "खरंच दुरुस्त झाला?" आणि बाबांना तो चालू करून दाखवावा लागला.

मोठीने विचारलं, "आधी कुणी ठरवलं?" मसुद्यात हे नव्हतं. आई म्हणाली, "आधी मी म्हटलं. मग दोघांनी ठरवलं." "का?" "त्यातलं काही आमच्या दोघांमधलं आहे, ते मी नाही सांगणार." हे उत्तर मला आवडलं. मुलांना सगळंच माहीत असायला हवं, असं नाही. काही लपवलं जातंय हे मात्र त्यांना कळतं, तेव्हा लपवतोय असं सांगून लपवावं.

काम काढून घेतल्यावर

पुढचा टप्पा आई-बाबांना सगळ्यात जड गेला. धाकटा हळूहळू सावरू लागला आणि मोठी बिघडली. दारं आपटू लागली. आईला म्हणाली, "तूच घालवलंस त्यांना." दोन विषयांत मार्क घसरले. आणि एका शुक्रवारी तिने बाबांकडे जायला साफ नकार दिला. आईचा फोन आला: "तुमच्याकडे आणण्याआधी बरी होती हो ती."

बरी नव्हती, कामात होती. निरोप थांबले, चादरी आई बदलू लागली, धाकट्याला खोटं सांगायची गरज उरली नाही. आणि इतके दिवस ज्याला जागा नव्हती तो राग बाहेर आला. शिवाय तिच्यामुळे घर चालत होतं हे तिला ठाऊक होतं. ते गेल्यावर आपण नेमकं कोण, हा प्रश्न अकराव्या वर्षी सोपा नसतो. मी पालकांना सांगितलं की राग येऊ द्या, पण वस्तू फेकणं आणि भावाला मारणं चालणार नाही, हे दोन्ही घरांत सारखंच सांगा. आईने तिच्या आरोपाला उत्तर देत बसू नये, "तुला माझा राग आलाय, येऊ शकतो," एवढ्यावर थांबावं. आई म्हणाली की हे शेवटचं कोर्टाच्या कागदांवर सही करण्यापेक्षा अवघड आहे.

बाबांकडे जायला नकार हा प्रश्न नाजूक. बाबांची पहिली शंका होती की आईने कान भरले. आईची भूमिका, "मी जबरदस्ती करणार नाही, तिचं तिने ठरवावं." दोन्हींत धोका आहे. मुलांच्या हक्कांबाबतच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं बारावं कलम सांगतं की मुलाला स्वतःबाबतच्या गोष्टींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्याच्या वयानुसार, समजेनुसार त्या मताला वजन द्यावं. मत ऐकणं वेगळं आणि निर्णय त्याच्यावर टाकणं वेगळं. "तूच ठरव" म्हटलं की अकरा वर्षांची मुलगी दर शुक्रवारी आई आणि बाबा यांच्यात निवड करते.

म्हणून आधी तिला विचारलं, जायला नको वाटतं म्हणजे नेमकं काय नको वाटतं? तिकडच्या दोन दिवसांचं वर्णन तिने दिलं. धाकट्याला अंघोळ घालायची, त्याचे कपडे शोधायचे, तो रात्री रडला की त्याच्याशेजारी झोपायचं. बाबांना ते जमत नव्हतं, आणि ताई आहे म्हणून शिकायची गरजही पडली नव्हती. कान कुणीच भरले नव्हते. तिला सुट्टी हवी होती.

भेटीचे दिवस बदलले नाहीत, मांडणी बदलली. महिन्यातून एक शुक्रवार ती एकटी जाईल, धाकटा शनिवारी येईल. धाकट्याचं निजवणं बाबांचं काम. पहिल्या रात्री तो "ताईच हवी" म्हणून बराच वेळ रडला आणि बाबांनी मला रात्री उशिरा मेसेज केला. मी एवढंच लिहिलं की मोठीने खोलीतून बाहेर येऊ नये. दोन्ही घरी निजण्याचा क्रम एकच ठेवला: दात, गोष्ट, दिवा. गोष्ट कुठलीही चालेल. त्याची एक मळकी चादर दोन्ही घरांत सोबत जायची, आणि ती विसरली तर परत आणायला मोठ्या माणसाने जायचं, हेही ठरवून टाकलं.

मुलांना सोपवणं शाळेतूनच सुरू केलं. शुक्रवारी आई सोडणार, बाबा घेणार. दारात उभं राहून एका घराचा निरोप घ्यायचा आणि समोर दुसरं घर गाडीत वाट बघतंय, हा प्रसंगच काढून टाकला. पोटदुखी त्यानंतर कमी झाली. शाळेत दोन्ही पालकांचे फोन नोंदवून घेतले आणि वर्गशिक्षिकेला काय सांगायचं ते मोठीला विचारून ठरवलं.

अंथरूण ओलं होण्याबद्दल थोडं. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर ताण हे एक कारण असतं, पण एकमेव नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, क्वचित मधुमेह हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. "घरात घटस्फोट चालू आहे ना, म्हणजे त्यामुळेच," असं परस्पर ठरवू नये. या मुलाच्या तपासण्या ठीक निघाल्या. नंतर औषध काही नव्हतं; न रागावणं, बक्षिसाचं आमिषही न दाखवणं, आणि आईने रात्री स्वतः उठणं.

आजी हा एक विषय होता. आईची आई नातवंडांसमोर जावयाबद्दल बोलायची. तिला समजवायला मी गेले नाही. ते आईनेच करायचं होतं, आणि तिने केलं. महिनाभर आजी रुसून होती.

वर्षभरानंतर

घटस्फोट मंजूर झाला. धाकट्याचं अंथरूण बहुतेक कोरडं असतं. आजारपणात किंवा मोठ्या सुट्टीनंतर एखाद-दुसरी रात्र चुकते. चावणं थांबलं. वाढदिवसाला दोघंही यावेत म्हणून त्याने हट्ट धरला, दोघं आले, आणि रात्री त्याने विचारलं, "म्हणजे आता परत एकत्र?" अशा कार्यक्रमाआधीच "आम्ही दोघं येणार आहोत, पण नंतर आपापल्या घरी जाणार आहोत" असं सांगून ठेवावं लागतं. ही आशा काही मुलं वर्षानुवर्षं धरून ठेवतात. ती तोडायची घाई करायची नसते, खोटा आधारही द्यायचा नसतो.

मोठी आता तिकडे वह्या विसरते. त्यावरून आई-बाबांचे दोन-चार तिखट मेसेज होतात आणि ती त्यात पडत नाही. मार्क पूर्वीइतके नाहीत. बाबांना त्याची चिंता आहे, मला नाही. एक मैत्रीण नियमित घरी येते. आईवरचा राग ओसरला आहे, गेलेला नाही. ती बारा वर्षांची झाली आहे, त्यामुळे त्यातला घटस्फोटाचा किती आणि वयाचा किती हे सांगणं कठीण.

अलीकडे बाबांच्या आयुष्यात कुणीतरी आलं आहे. मुलांची ओळख करून द्यायची तर नातं पुरेसं टिकेल असं वाटल्यावर, आधी आईला सांगून, आणि पहिल्या भेटीत फार काही अपेक्षा न ठेवता, असं आमचं बोलणं झालं होतं. पण त्यांनी एका शनिवारी मोठीला सांगून टाकलं आणि वर म्हणाले, "आईला एवढ्यात बोलू नकोस." ती म्हणाली, "ते तू सांग. मी सांगणार नाही, पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही." बाबांनी त्याच संध्याकाळी आईला मेसेज केला. आईचं उत्तर एका ओळीचं होतं आणि फारसं गोड नव्हतं. धाकट्याला हे कुणी, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, यासाठी दोघांनी माझ्याकडे एकत्र वेळ मागितली आहे.